कमान खरी पाहिजे का नुसती दिसायला? अहमदाबादच्या आयआयएमची वीट, सोप्या भाषेत

सध्या बेळगावात कुठंही नवीन घर बघा, शहापूर असू दे नाहीतर हिंडलगा, पुढच्या पोर्चला कमान असतेच. आणि त्यातल्या बहुतेक कमानी खोट्या असतात. म्हणजे वरनं काँक्रीटचा सरळ बीम गेलेला असतो, सगळं वजन तोच उचलतो, आणि खाली जाळी नाहीतर विटांचे तुकडे लावून गोलाई काढून त्यावर गिलावा मारलेला असतो. आमच्याकडचे जुने गवंडी कमान म्हटली की पहिल्यांदा तेच विचारतात, "अण्णा, कमान खरी पाहिजे का नुसती दिसायला?" मी सिव्हिलचा डिप्लोमा करून घरांची कामं घेतो, गिऱ्हाइकाला गोल पाहिजे असतंय आणि इंजिनीअरला बीम, त्यामुळं खोट्या कमानी भरपूर केल्यात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, स्वस्त पडतात आणि पडत नाहीत.

खरं ज्यांना विटेची खरी कमान एका जागी पोटभर बघायची आहे त्यांनी अहमदाबादच्या वस्त्रापूरला आयआयएम आहे तिथं एकदा जाऊन यावं. जगभरचे आर्किटेक्ट ही बिल्डिंग बघायला येतात, आणि गंमत म्हणजे तीच बिल्डिंग पाडायची का ठेवायची यावरनं गेल्या काही वर्षांत मोठं भांडण पण झालं. एवढी नावाजलेली वास्तू आजारी कशी पडली हे कळायचं असेल तर आधी ती उभी कशी राहिली ते कळलं पाहिजे, म्हणून हा सगळा खटाटोप.

थोडक्यात माणसं सांगतो. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई ही संस्थेमागची मंडळी. बाळकृष्ण दोशींनी आग्रह धरला की हे काम लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टला द्या, आणि १९६२ साली कानने ते घेतलं. दोशी म्हणजे पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, पॅरिसला ल कॉर्बुझिए या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली तयार झालेले, पुढं २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर हा आर्किटेक्टचा मोठा पुरस्कार मिळाला आणि तो मिळालेले ते पहिले भारतीय. आणि दुसरं नाव आपल्यातलं, अनंत राजे, ते फिलाडेल्फियाला कानच्या ऑफिसात होते आणि कानच्या मागं कॅम्पसवरच्या पुढच्या कितीतरी इमारती त्यांनीच केल्या. कान १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादवरनंच परत जात असताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात हार्ट अटॅकनं गेला. ढाक्याची संसद पण त्याचीच, तीही त्याला पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही.

माझं जाणं झालं ते आतेभावामुळं, तो वटव्याला एका कारखान्यात आहे. बेंगळुरूकडनं गुजरातला जाणाऱ्या गाड्या बेळगाववरनं मिरज-पुणे करत जातात, आत्तीला त्याच्याकडं पोचवायचं होतं, मग मी पण दोन-चार दिवस काढले. आयआयएमला असंच घुसता येत नाही हं, आधी परवानगी काढावी लागते, गेटवर ओळखपत्र, फोटोचे नियम. आतेभावानं ओळखीनं ते जमवलं आणि आत्ती पण "मी एकटी घरात बसून काय करू" म्हणत चपला घालून तयार.

आत शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो आकार. लाल विटांच्या दोन-तीन पुरुष उंच भिंती, त्यात मोठमोठे गोल, खाली बसक्या कमानी, कुठं रंग नाही, नक्षी नाही, मधल्या चौकातल्या पायऱ्यांवर पोरं-पोरी बसलेली. आत्तीनं पदरानं घाम पुसत सगळीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "एवढी मोठी शाळा, आणि गिलावा करायला पैसे संपले काय रे यांचे?"

हसू नका, प्रश्न एकदम बरोबर आहे. मॉडर्न बिल्डिंग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे येतात, खरं मॉडर्निस्ट मंडळींचा मूळ हट्ट वेगळाच होता. सजावट वरनं चिकटवायची नाही, जे सामान वापरलंय ते तसंच दिसू द्यायचं, आणि वजन कुठनं कुठं जातंय ते बघणाऱ्याला कळू द्यायचं. कानचं विटेशी बोलण्याचं एक भाषण आर्किटेक्टची पोरं तोंडपाठ म्हणतात, विटेला विचारलं तुला काय व्हायचंय तर ती म्हणाली कमान, तिला सांगितलं कमान महाग पडते, काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे दरवाजावरची सरळ पट्टी, टाकूया, तरी ती म्हणाली कमानच. ऐकायला भारी आहे. खरं माझ्यासारख्या साइटवरच्या माणसाला प्रश्न पडतो, विटेला कमानच का पाहिजे?

तर ऐका. वीट दाबाला खंबीर आणि ताणाला एकदम कच्ची. वर वजन टाका, सोसते. दोन्ही टोकांना धरून ओढा, तुटते. आता दरवाजावर सरळ पट्टी टाकली की ती मधे किंचित वाकते, वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. तो खालचा ताण विटेला झेपत नाही, म्हणून लिंटेलमध्ये तळाला सळई घालतात, ओढ सगळी लोखंड घेतं. कमानीत हा ताणच जवळपास राहत नाही. प्रत्येक वीट शेजारच्या विटेला रेटते, ती पुढच्या विटेला, असं करत वजन गोलावरनं घरंगळत दोन्ही पायांपर्यंत येतं, सगळा मामला दाबाचा. म्हणून हजार वर्षांच्या कमानी सळईशिवाय उभ्या आहेत.

मग यात मेख कुठं आहे? पायात. कमानीचे पाय नुसते खाली दाबत नाहीत, ते बाहेरही सरकायला बघतात. सारवलेल्या ओल्या अंगणात पाय फाकवून उभं राहिलं आणि वरनं कुणी खांद्यावर पोतं टाकलं की कसे पाय घसरतात, तसं. जितके पाय जास्त फाकलेले तितकं घसरणं जास्त. आता यावर उपाय काय, एक तर दोन्ही बाजूंना भिंत पाहिजे पाय अडवायला, नाहीतर दोन्ही घोट्यांना मिळून एक टॉवेल घट्ट बांधायचा.

याचा ढोबळ हिशेब आहे, बाहेरचा रेटा म्हणजे एकूण वजन गुणिले गाळ्याची रुंदी, भागिले कमानीच्या उंचीची आठ पट. गाळा म्हणजे कमानीच्या दोन पायांमधलं अंतर. दहा फुटांचा गाळा धरा, वर सगळीकडं सारखं पसरलेलं चार टन वजन. कमान पाच फूट उंच, म्हणजे जवळजवळ अर्धगोल असेल तर रेटा येतो एक टन. तीच कमान बसकी करून फक्त एक फूट उंच ठेवली तर रेटा पाच टन! वजन तेच, गाळा तोच. म्हणून जुनी मंडळी कमानी उंच काढायची आणि बाजूला हत्तीच्या पायासारख्या भिंती ठेवायची, आपल्या किल्ल्याच्या वेशीतनं जाताना भिंतीची जाडी बघा म्हणजे कळेल.

आता कानला तर बसक्या कमानी पाहिजे होत्या, कारण मजल्यावर मजला आहे, प्रत्येक खोलीवर पाच फूट उंच कमान काढली तर बिल्डिंग कुठवर जाईल. आणि भिंती पण अवाढव्य जाड नको होत्या. मग त्यानं टॉवेल बांधला. म्हणजे विटेच्या बसक्या कमानीच्या बरोबर खाली, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत, काँक्रीटची आडवी पट्टी. त्या पट्टीत सळया आहेत, आणि तिचं काम वजन उचलायचं नाही, कमानीचे पाय बाहेर जाऊ नयेत म्हणून धरून ठेवायचं, ती कायम ताणात आहे. मी जवळ जाऊन बघितलं, पट्टीची टोकं तिरपी आहेत आणि कमानीची पहिली वीट बरोबर त्या उतारावर टेकलीय, काँक्रीटवर शटरिंगच्या, म्हणजे ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे रेघोटे अजून दिसतात. एकदा हे कळलं ना की मग सगळी बिल्डिंग वाचता येते. जिथं कमान बसकी तिथं खाली पट्टी. जिथं शेजारी-शेजारी कमानी आहेत तिथं एकीचा रेटा दुसरीवर जाऊन फिटतो, आणि टोकाला गेलं की परत काहीतरी जाड नाहीतर बांधलेलं दिसतं.

ते मोठे गोल पण नुसते शोभेचे नाहीत. गोलाचा वरचा अर्धा भाग झाली आपली नेहमीची कमान, आणि खालचा अर्धा म्हणजे उलटी कमान. बाजूंनी खाली उतरलेलं वजन ही उलटी कमान खालच्या भिंतीवर पसरवून देते, एका जागी टोचत नाही. चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरपी चीर गेलेली तुम्ही आपल्या घरात हजारदा बघितली असेल. गोलाला कोपराच नसतो.

आत्तीला मी हे सगळं हात फाकवून-बिकवून सांगितलं. ती म्हणाली, "ते असू दे, हितं गार लागायलंय बघ."

ते पण खरंच होतं. बाहेर अहमदाबादचं ऊन तुम्हाला माहितीच असेल, उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत पारा जाणारं गाव, बेळगावच्या अडीच हजार फुटांवरच्या माणसाला ते भट्टीच वाटणार. कानने काय केलं, खिडकीची काच बाहेरच्या भिंतीला लावलीच नाही. बाहेर विटेची एक भिंत, तिला गोल नाहीतर कमानीचं भोक, मग मधे व्हरांड्यासारखी सावलीची जागा, आणि त्याच्या आत खोली आणि काच. ऊन बाहेरच्या भिंतीवर तापून तिथंच थांबतं, आत उजेड येतो तो सावलीतनं गाळून येतो. वसतिगृहं त्यानं तिरपी वळवलीत ती नैऋत्येचा वारा धरायला. आणि आत लांबलचक कॉरिडॉर नाहीत, जिन्याभोवती आणि चहाच्या जागेभोवती खोल्या गोळा केल्यात, कारण त्याचं म्हणणं की पोरं वर्गापेक्षा अशा जागी एकमेकांशी बोलून जास्त शिकतात. याबाबतीत मी कानच्या बाजूनं आहे, आमच्या पॉलिटेक्निकमध्ये जे काही डोक्यात गेलं ते कँटीनमध्येच.

शहर पण बघितलं, तेवढ्यासाठी सुद्धा जाण्यासारखं आहे. मानेक चौकात दिवसा सराफांची दुकानं आणि रात्री त्याच दुकानांपुढं खाऊगल्ली, आत्तीनं सोबत लसणाची चटणी नेली होती कारण तिला गोड डाळ काही उतरत नाही. साबरमतीच्या काठावर ल कॉर्बुझिएनं १९५४ साली केलेली मिलमालकांच्या संघटनेची इमारत आहे, तिच्या तोंडाला काँक्रीटच्या उभ्या तिरप्या फळ्या लावल्यात, ऊन अडवायला आणि वारा आत घ्यायला. खरं मला जास्त ओढलं ते जुन्यानं. अडालजची विहीर १४९९ ची, पाच मजले खाली उतरत जाते, आणि ती सगळी दगडाचे खांब आणि दगडाचे सरळ बीम अशी उभी आहे. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जुनं जैन मंदिर, तशीच, खांब आणि आडवा दगड. तिथनं येऊन सिदी सय्यद मशिदीची जाळी बघितली, १५७३ च्या सुमाराची, तिथं सगळा खेळ कमानींचा. अहमदाबाद आणि आसपास अर्ध्या दिवसात दोन्ही रीती बघायला मिळतात, आणि मग आयआयएमच्या त्या कमान-अधिक-पट्टीच्या जोडीकडं बघितलं की कळतं, कानने दोन्ही एकत्र बांधलंय, वरनं वीट दाबात, खालनं काँक्रीट ताणात. त्याच्या स्वतःच्याच भाषणात वीट लिंटेल नको म्हणते, आणि त्यानं बांधताना काँक्रीट बरोबर जिथं पाहिजे तिथं घातलं. भाषणापेक्षा बांधकाम शहाणं.

आता आजाराकडं येऊ.

कॅम्पसवर फिरताना भिंतींच्या खालच्या भागात पांढरा थर दिसत होता. आपल्याकडं त्याला लोणा लागला म्हणतात. जमिनीतनं नाहीतर छतावरनं पाणी विटेत शिरतं, विटेतले आणि मातीतले क्षार त्यात विरघळतात, पाणी पृष्ठभागावर येऊन वाळतं आणि क्षार तिथंच राहतात. नुसता पांढरा डाग असता तर ब्रशनं काढला असता, पण विटेच्या पोटात त्या क्षारांचे खडे वाढायला लागले की विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. एके ठिकाणी मी बोट लावलं तर लाल पीठ हातावर आलं. गिलावा नसल्यामुळं हे सगळं उघड्यावर, आत्तीचा मुद्दा इथं परत खरा ठरतो.

तरी लोणा हे दुखणं दुय्यम. मोठं दुखणं भिंतीच्या पोटात होतं. भूकंपात भिंती फुटू नयेत म्हणून त्या वेळी विटकामाच्या आत सळया घातल्या होत्या. हेतू चांगला. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, आणि अहमदाबादनं तर २००१ च्या २६ जानेवारीचा कच्छचा धक्का सोसलाय. पण सळई काँक्रीटमध्ये असते तेव्हा तिला गंज का लागत नाही माहितीय? नुसतं झाकलेली असते म्हणून नव्हे. सिमेंटचं काँक्रीट चांगलंच अल्कलीयुक्त असतं, त्यामुळं लोखंडावर एक पातळ कवच तयार होतं आणि तेच गंज थोपवतं. वीट ही सच्छिद्र, पाणी पिणारी. दोन विटांमधल्या सांध्यात सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर पातळ, हवा आणि ओल आत जायला वेळ लागत नाही, ते अल्कलीचं संरक्षण काही वर्षांत संपतं. मग सळई गंजते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासनं सहापटीपर्यंत. आतनं एवढा रेटा आला की वीट काय करणार, ती ताणाला कच्ची हे वर सांगितलंच. भिंती फुगतात, चिरा पडतात, चिरेतनं आणखी पाणी जातं, आणखी गंज.

म्हणजे बघा, जो ताण कानने उघड्यावर काँक्रीटच्या पट्टीत ठेवला तो कुठं चुकतोय का हे खाली उभं राहून कुणालाही दिसतं, आणि जे लोखंड न दिसणाऱ्या जागी भिंतीत लपवलं त्यानंच घात केला. मला या बिल्डिंगमधनं घेण्यासारखी एकच गोष्ट वाटली ती ही.

भांडणाचं थोडक्यात असं. संस्थेनं आधी दुरुस्ती सुरू केली होती, मुंबईच्या सोमया अँड कलप्पा या आर्किटेक्ट मंडळींनी विक्रम साराभाई लायब्ररी दुरुस्त केली आणि २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, १५ नंबरचं वसतिगृह पण नमुना म्हणून दुरुस्त झालं. मग २०२० च्या डिसेंबरात संस्थेनं जाहीर केलं की १८ पैकी १४ वसतिगृहं पाडून नवीन बांधायची, राहणाऱ्या पोरांच्या जिवाला धोका आहे. जगभरनं विरोध झाला, सह्यांच्या मोहिमा झाल्या, आणि १ जानेवारी २०२१ ला संस्थेनं तो बेत मागं घेतला. २०२२ च्या नोव्हेंबरात परत सांगितलं की वसतिगृहं दुरुस्त होण्यापलीकडं गेलीत. बाहेरनं ओरडणं सोपं असतं, वरनं छताचा तुकडा पडला तर जबाबदार संस्थाच, हे मला साइटवर राहून चांगलं माहितीय. खरं पुरस्कार मिळवणारी दुरुस्ती त्याच आवारात उभी असताना दुरुस्ती होतच नाही हे म्हणणं मला पटत नाही. खर्चिक आहे म्हणा, वेळखाऊ आहे म्हणा, ते एकवेळ ऐकून घेऊ.

आता आपल्याकडं. हल्ली बेळगावात पण एलेव्हेशनला, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूला, उघडी वीट पाहिजे म्हणून गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतात, आणि आपला पाऊस तर अहमदाबादपेक्षा भरपूर जास्त, आठ-आठ दिवस भिंत वाळत नाही. करायचंच असेल तर वीट बघून घ्या. खानापूर भागातली माती वीट-कौलांसाठी नावाजलेली आहे, तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था पण आहे, म्हणून प्रत्येक भट्टीतली प्रत्येक वीट चांगली असं होत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटून टण्ण आवाज आला पाहिजे, बद्द आला तर कच्ची. नखानं ओरखडा उठता कामा नये. आणि एक सुकी वीट वजन करून दिवसभर पाण्यात बुडवून परत वजन करा, वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर ती उघडी ठेवायच्या लायकीची नाही. छज्जा दोन फूट तरी बाहेर काढा, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, डोक्यावर उतार आणि पाणी तोडायची खाच ठेवा, जोत्याला ओल अडवणारा थर न विसरता घाला. आणि भिंतीत भूकंपासाठी पट्टा पाहिजे असेल तर तो व्यवस्थित जाडीच्या काँक्रीटचा घाला, विटांच्या सांध्यात नुसती सळई सारून गवंड्याला "झालं बघा" म्हणू देऊ नका.

अहमदाबादला जाणाऱ्यांनी थंडीत जावं, परवानगी आधी काढावी, आणि जुन्या कॅम्पसवरनं रस्त्याखालच्या भुयारी वाटेनं नवीन कॅम्पसवर पण चक्कर मारावी, तिथं सगळं उघडं काँक्रीट आहे. एवढं लांब जमत नसेल तर बेळगावातनं रात्रीच्या गाडीनं बेंगळुरू गाठा, तिथलं आयआयएम दोशींनी केलंय, विटेऐवजी राखाडी दगड, वर वेली चढलेले काँक्रीटचे मांडव आणि लांबच लांब व्हरांडे. तिथं पण गेटवर आधी विचारूनच जावं लागतं.